तीन हजार डॉलरची दुर्बीण, अर्ध्या तासाचा उजेड

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी पेनसिल्व्हेनियातली घरं टर्कीवर ताव मारतात आणि शनिवारी पहाटे त्या घरांतली बरीच माणसं भडक नारिंगी जॅकेटं चढवून रानात शिरतात. बंदुकीनं हरीण मारण्याचा हंगाम त्या दिवशी उघडतो. २०१८ पर्यंत तो सोमवारी उघडायचा आणि ग्रामीण भागातल्या कित्येक शाळा त्या दिवशी सरळ सुट्टी जाहीर करायच्या, कारण वर्गात यायला कोणी उरतच नसे. पिट्सबर्ग किंवा फिलाडेल्फियात नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला ऑफिसातली निम्मी टेबलं या सुमारास रिकामी का दिसतात, हे पहिल्याच वर्षी कळून चुकतं.

हा शौक तसा गरिबाला परवडणारा. राज्यातल्या रहिवाशाला परवाना एकवीस डॉलरच्या आसपास पडतो. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिस यांसारखी नेमाला चोख असलेली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल चारशे ते सहाशे डॉलरला मिळते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. बंदुकीवर बसवायचा स्कोप घ्यायला गिऱ्हाईक दुकानात जातं, तिथे दीडशे-दोनशे डॉलरचे स्कोप उघड्यावर मांडलेले असतात आणि कुलूपबंद काचेच्या कपाटात ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीचा, जर्मनीच्या झाइसचा किंवा श्मिट अँड बेंडरचा माल असतो. स्वारोव्स्कीचा झेड ८ आय हा स्कोप अडीच-तीन हजार डॉलरच्या घरात जातो. रुपयांत सांगायचं तर अडीच लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणजे ज्या बंदुकीवर तो बसायचा, तशा पाच बंदुका त्या पैशात येतील.

एवढे पैसे मोजावेत का? अमेरिकेतल्या बहुसंख्य शिकाऱ्यांनी मोजू नयेत. काच वाईट असते म्हणून नव्हे. ती अप्रतिमच असते. पण ही काच दिवसातल्या ज्या तासासाठी घडवलेली असते, तो तास अमेरिकी शिकाऱ्याच्या वाट्याला येतच नाही. हे नीट समजायला थोडं मागे जावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारी दुर्बीण म्हणजे जर्मन किंवा ऑस्ट्रियन दुर्बीण. अमेरिकी शेतकऱ्याच्या हातात असायची विंचेस्टर मॉडेल ९४, आणि तो नळीच्या टोकावरच्या माशीनंच नेम धरायचा. त्या बंदुकीतून रिकामं काडतूस वरच्या बाजूनं बाहेर पडायचं, त्यामुळे वर स्कोप बसवणंही अडचणीचंच. १९३० साली विल्यम वीव्हर या पंचविशीतल्या तरुणानं ‘३-३०’ नावाचा स्कोप बाजारात आणला. किंमत, बंदुकीला जोडायच्या पकडीसकट, १९ डॉलर. जर्मन मालापुढे हा अगदीच गावठी. नळी बारीक, भिंगं लहान. तरीही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला आपल्या स्प्रिंगफील्ड रायफलींवर घाईनं दुर्बिणी चढवायची वेळ आली, तेव्हा याच वंशातला वीव्हर ३३०सी निवडला गेला आणि एम १९०३ ए ४ ही स्नायपर बंदूक त्याच्यासह रणांगणावर गेली. शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारा स्कोप युद्धातही चालून गेला, ही गोष्ट आजच्या जाहिरातींत सहसा येत नाही.

दुसरी गोष्ट ऑरेगनमधल्या ल्युपोल्ड कंपनीची. १९०७ साली भूमापनाची यंत्रं दुरुस्त करणारं दुकान म्हणून ती सुरू झाली. कंपनीच्या घराण्यातला मार्कस ल्युपोल्ड शिकारीला गेला असताना स्कोपच्या आत वाफ धरली, समोरचं हरीण निसटलं आणि यापेक्षा बरा स्कोप आपण बनवू असं तो वैतागून म्हणाला, अशी कथा कंपनी अभिमानानं सांगते. १९४७ मध्ये त्यांचा पहिला स्कोप आला. नळीतली ओलसर हवा काढून तिथे कोरडा नायट्रोजन कोंडायचा, म्हणजे थंडीतून उबेत आणि उबेतून थंडीत गेल्यावरही भिंगं धुरकटत नाहीत, ही युक्ती याच कंपनीनं रुळवली. त्या काळी ती चैनीची गोष्ट होती. आज दीडशे डॉलरच्या स्कोपमध्येही ती असते.

उंची काचेतला फरक पुष्कळदा असाच झिरपत खाली येतो. भिंगांवरच्या लेपाचंही तेच. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे चार टक्के उजेड परावर्तित होऊन वाया जातो. स्कोपमध्ये भिंगांची रांग असते. असे बारा पृष्ठभाग धरले तर आत शिरलेल्या उजेडातला जेमतेम ६१ टक्के डोळ्यापर्यंत पोचतो. १९३५ साली झाइसमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला या युक्रेनी शास्त्रज्ञानं काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली आणि जर्मनीनं ती लष्करी गुपित म्हणून जपली. प्रत्येक पृष्ठभागावरचा तोटा अर्ध्या टक्क्यावर आणला की त्याच बारा पृष्ठभागांतून ९४ टक्के उजेड पार होतो. ही झेप प्रचंड होती. पण ती घेऊन झाली. आज बहुथरी लेप चीन, फिलिपिन्स आणि जपानमधल्या कारखान्यांत रोजच चढतात. चांगला मध्यम किमतीचा स्कोप नव्वदीच्या आगेमागे असतो आणि झाइसनं आपल्या एका मालिकेसाठी ९५ टक्क्यांचा दावा केला होता. मधल्या पाच टक्क्यांसाठी गिऱ्हाईक पाच-दहापट पैसे देतं. संधिप्रकाशात हे पाच टक्के मोजणाऱ्या यंत्राला दिसतात, माणसाच्या डोळ्याला ओळखणं कठीण जातं.

मग तीन हजार डॉलरची काच घेणारे सगळे वेडे म्हणायचे का? मुळीच नाही. ते बहुधा जर्मनीत राहतात.

जर्मनीतली शिकार हा निराळाच मामला आहे. तिथे परवान्याआधी जी परीक्षा द्यावी लागते, तिला लोक थट्टेनं ‘हिरवी बारावी’ म्हणतात, इतका तिचा अभ्यास असतो. शेताच्या कडेला लाकडी मचाण बांधलेलं असतं. शिकारी त्यावर संध्याकाळी जाऊन बसतो आणि वाट पाहतो. मक्यात घुसणारं रानडुक्कर हे त्याचं मुख्य सावज. डुक्कर अंधार पडल्याशिवाय बाहेर पडत नाही. जर्मन शिकार कायद्यानं रात्रीच्या शिकारीवर बंदी घातली आहे, पण रात्र कशाला म्हणायचं तेही लिहून ठेवलं आहे: सूर्यास्तानंतर दीड तासानं ती सुरू होते आणि सूर्योदयाच्या दीड तास आधी संपते. रानडुकराला तर ही बंदीही लागू नाही. चांदणं असेल तर मध्यरात्रीही बार काढता येतो.

अशा ठिकाणी काचेचा कस लागतो. ८×५६ हे जर्मन शिकाऱ्यांचं जुनं लाडकं माप: आठपट मोठं दाखवणारा आणि पुढचं भिंग ५६ मिलिमीटर व्यासाचं असलेला स्कोप. ५६ ला आठने भागलं की सात येतात. स्कोपमधून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटर रुंद असतो आणि अंधारात तरुण माणसाची बाहुलीही साधारण तेवढीच उघडते. म्हणजे काचेनं गोळा केलेला कण न कण उजेड डोळ्यात जातो. आतल्या फुलीच्या रेषाही जाडजूड असतात, कारण बारीक रेघ काळ्या डुकरावर दिसणारच नाही. नळीच्या आतल्या भिंतीवरून परतणारा भटका उजेड मारणं, चंद्र समोर असताना भिंगात धुकट चमक येऊ न देणं, कडेपर्यंत चित्र रेखीव ठेवणं, ही सगळी कामं महागडा स्कोप स्वस्तापेक्षा खरोखर चांगली करतो. पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे मचाणावर बसणाऱ्यानं तीन हजार युरो खर्च केले तर त्याच्या पदरात काहीतरी ठोस पडतं. समोरची सावली डुकराचीच आहे ना, मादी आहे की नर, मागे पिल्लं आहेत की नाहीत, हे त्याला ओळखावं लागतं. पिल्लांची आई मारली तर ते नुसतं वाईट दिसत नाही, कायद्यानं गुन्हा ठरतो.

आता पेनसिल्व्हेनियात परत. तिथे हरणावर सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते. टेक्सासमध्ये, कोलोरॅडोत आणि बहुतेक राज्यांत हाच नियम थोड्याफार फरकानं आहे. सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासाला आभाळ अजून उजळ असतं. उघड्यावर उभ्या माणसाला वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतील एवढं. दाट झाडीत काळोख आधी उतरतो हे खरं, पण तिथेही बरा मध्यम स्कोप वेळ संपेपर्यंत हरणाचं अंग स्पष्ट दाखवतो. जर्मन काचेचा चमत्कार जिथून सुरू होतो, तिथे अमेरिकी शिकाऱ्यानं काडतूस काढून बंदूक रिकामी केलेली असते.

शिवाय फुकटात करता येण्यासारखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा साचा म्हणजे ३-९×४०. तीनपटीपासून नऊपटीपर्यंत कडं फिरवून मोठं करता येतं, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. संध्याकाळी शिकारी कडं नऊवर नेऊन बसतो, कारण लांबचं जवळ दिसावं असं त्याला वाटतं. नऊवर झोताची रुंदी भरते ४.४ मिलिमीटर आणि चित्र काळवंडतं. तेच कडं सहावर आणलं की झोत ६.७ मिलिमीटर होतो, जवळपास त्या नामांकित ८×५६ इतकाच. अर्थात ५६ मिलिमीटरचं भिंग आठपटीवर तेवढा झोत देतं आणि इथे सहापटीवर समाधान मानावं लागतं. पण शंभर यार्डांवरच्या हरणाला सहापट मोठं केल्यावर आणखी काय पाहायचं राहतं? त्यात वयाचा मुद्दा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची बाहुली अंधारातही बहुधा पाच मिलिमीटरच्या आसपासच उघडते. तीन हजारांचा स्कोप परवडण्याचं वय आणि त्याचा पुरता फायदा घेणारा डोळा, यांची गाठ क्वचितच पडते.

राहिला नेमाचा प्रश्न. हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांचा जो भाग असतो, तो आठ ते दहा इंच व्यासाचा. .३०-०६ या जुन्या भरवशाच्या काडतुसाची बंदूक दोनशे यार्डांवर बरोबर लागेल अशी बसवली, तर अडीचशे यार्डांवर गोळी तीनेक इंच खाली जाते. म्हणजे अडीचशे यार्डांपर्यंत छातीच्या मधोमध फुली ठेवून चाप ओढावा, हिशेब करायची गरज नाही. पूर्व अमेरिकेच्या जंगलात मुळात एवढ्या लांबचं दिसण्याची पंचाईत असते. आणि नेम काचेतून येत नाही याचा पुरावा थेट कोल्हापूर जिल्ह्यातला आहे. राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात दुर्बीण लावायला बंदी असते. मोठं करणारं भिंग नाही, फक्त बारीक छिद्रातून नेम. आणि पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. बोटाच्या पेरापेक्षा लहान. त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. शिकाऱ्याला त्याच्या पासंगालाही पुरायची गरज नसते, पण हंगामाआधी मैदानावर जाऊन पाच गोळ्या झाडून ‘जमतंय’ म्हणणारे शौकीन जेव्हा काचेवर हजारो डॉलर ओततात, तेव्हा हसू येतं. .३०-०६ च्या एका काडतुसाला साधारण दीड-दोन डॉलर पडतात. मध्यम आणि उंची स्कोपच्या किमतीतल्या फरकात हजारभर काडतुसं येतील. वर्षाला दोनशे झाडली तरी पाच वर्षं पुरतील, आणि तीही बाकावर टेकवून नव्हे, गुडघ्यावर बसून, उभ्यानं, धापा टाकत.

एक मुद्दा मात्र महागड्या स्कोपच्या बाजूनं प्रामाणिकपणे मांडायला हवा. स्कोप ही नुसती काच नसते, ते यंत्रही असतं. वरच्या आणि बाजूच्या गोल बटणांवर बारीक खाचा असतात. एक खाच फिरवली की शंभर मीटरवर गोळीची जागा सुमारे सात मिलिमीटरनं सरकते. वायोमिंग किंवा कोलोरॅडोच्या डोंगरात चारशे-पाचशे यार्डांवर वापिटीसारखं मोठं जनावर उभं असताना शिकारी ही बटणं फिरवून उंची जुळवतो. फिरवल्यावर हललं पाहिजे तेवढंच हललं का, परत आणल्यावर मूळ जागी आलं का, बंदूक घोड्यावरून किंवा पिकअपमधून आपटत आल्यावर नेम जिथल्या तिथे राहिला का, हे इथे महत्त्वाचं. स्वस्त स्कोप इथे दगा देतात. आतली स्प्रिंग, नळी, जोड कच्चे असतात आणि प्रत्येक बारागणिक धक्का खाऊन सैल होतात.

पण इथेही किंमत आणि मजबुती हातात हात घालून चालत नाहीत. हलका, देखणा, कडेपर्यंत लख्ख दाखवणारा युरोपीय स्कोप मचाणावरच्या शिकारीसाठी बनवलेला असतो. धक्के सोसण्यासाठी बनवलेला जाड नळीचा, ओबडधोबड स्कोप त्याच्या तिसऱ्या हिश्शात मिळतो आणि पुष्कळदा जास्त टिकतो. नेम हलला की लोक स्कोपला शिव्या देतात, दोष निघतो पकडीचा. स्क्रू योग्य दाबानं आवळलेले नसतात, कडी वाकडी बसलेली असते. चाळीस डॉलरचा टॉर्क रेंच आणि शंभर डॉलरची भक्कम पकड यांनी जे काम होतं, ते तीन हजारांची काच ढिल्या पकडीवर बसवून होत नाही.

याचा अर्थ सगळ्यात स्वस्त घ्यावं असा कोणी काढू नये. पन्नास-साठ डॉलरला रायफल स्कोप म्हणून जे विकलं जातं, ते पहिल्याच हंगामात धुरकटतं किंवा नेम सोडतं. काहींत डोळा इतका जवळ न्यावा लागतो की बार उडाल्यावर स्कोपची कडा भुवईत घुसते. शिकाऱ्यांच्या कपाळावरची चंद्रकोरीसारखी खूण ही त्याचीच देणगी. दोनशे ते पाचशे डॉलरच्या पट्ट्यात ल्युपोल्ड, व्हॉर्टेक्स आणि त्यांच्या जोडीच्या कंपन्यांचे जे स्कोप मिळतात, तिथे शहाण्या शिकाऱ्यानं थांबावं. या दोन्ही कंपन्या आयुष्यभराची हमी देतात; मोडला तर दुरुस्त करतात किंवा बदलून देतात, मूळ पावती कोणाच्या नावावर आहे हेही विचारत नाहीत.

महाग काचेला आणखी एक वळण आहे, ते पैशाहून गंभीर. माणसाच्या हातात साधन आलं की त्याला ते वापरून पाहावंसं वाटतं. पंचवीसपट मोठं दाखवणारा स्कोप बंदुकीवर असला की सातशे यार्डांवरचं जनावर आवाक्यातलं वाटू लागतं. पण गोळी तिथे पोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो, तेवढ्यात जनावर पाऊल उचलतं, दरीतला वारा दिशा बदलतो, आणि छातीऐवजी पोटात लागलेली गोळी जनावराला मैलभर पळवत नेऊन मारते. जखमी जनावराचा माग काढायला सातशे यार्ड चालून जाईपर्यंत ते कुठून निघालं हेही सापडत नाही. थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा काही शिकारविरोधी गट नव्हे, तो शिकाऱ्यांचाच. पण लांबून झाडल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल त्यानंही उघड चिंता व्यक्त केली आहे: जनावराला सुटायची संधीच उरली नाही तर ती शिकार कसली?

२०१३ च्या सुमारास ट्रॅकिंगपॉइंट नावाच्या टेक्सासच्या कंपनीनं वीस हजार डॉलरच्या वरची ‘हुशार’ बंदूक आणली. सावजावर खूण करायची आणि चाप दाबून धरायचा. नेम जुळेल त्या क्षणी बार संगणक काढणार. नंतर स्वारोव्स्कीनंही अंतर मोजून कुठे नेम धरायचा तो ठिपका आतच दाखवणारा डीएस हा स्कोप काढला. राज्यांनी आपापल्या परीनं वेसण घातली आहे. आयडाहोमध्ये स्कोप, पट्टा आणि इतर सामान धरून सोळा पौंडांहून जड बंदुकीनं मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही. युटानं तोंडातून दारू ठासायच्या बंदुकींच्या खास हंगामात मोठं करणारे स्कोप आधी मोकळे केले आणि काही वर्षांनी पुन्हा बंद केले. बाजार ज्या दिशेनं ओढतो आहे, त्याच्या उलट दिशेला कायदा लावायचा असेल तर तो असा वजनात आणि पटींत मोजूनच लावावा लागतो.

गंमत अशी की ज्या जर्मनीत महाग काचेला खरा अर्थ होता, तिथेच तिच्या पायाखालची जमीन सरकते आहे. १० सप्टेंबर २०२० रोजी ब्रँडेनबर्गमध्ये मेलेल्या रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडला. डुकरांची संख्या कमी करणं सरकारला निकडीचं झालं. त्याच वर्षी शस्त्र कायद्यात बदल होऊन स्कोपपुढे किंवा मागे जोडायची रात्रदृष्टीची उपकरणं शिकाऱ्यांना मोकळी झाली. तपशील प्रत्येक राज्यानं आपापले ठरवले. उष्णतेवर चालणारं थर्मल उपकरण चांदणं मागत नाही. अमावास्येलाही डुक्कर त्यात पांढरं झळकतं. हांगझोऊच्या हिकमायक्रोसारख्या कंपन्या ही उपकरणं दोन-तीन हजार युरोंत आणि त्याहून कमीतही विकतात. दीड तासाच्या संधिप्रकाशासाठी पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार केलेलं ५६ मिलिमीटरचं भिंग त्याच्यापुढे दिवसाची वस्तू ठरतं.

भारतात हा बाजार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी हौसेची शिकार संपवली. माणसाला किंवा पिकाला धोका असेल तर वनखात्याच्या परवानगीनंच बंदूक उचलता येते, आणि तेही योग्यच. पण याच कारखान्यांची काच भिगवणला दिसते. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहायला पहाटे होडीत बसणाऱ्यांपैकी एखाद्याच्या गळ्यात स्वारोव्स्कीची किंवा झाइसची द्विनेत्री असते, किंमत लाखाच्या पुढे, आणि शेजारचा निकॉनवाला मनातल्या मनात तेच गणित करत असतो. त्याला मात्र उत्तर वेगळं द्यायला हवं. पक्षी पाहणारा सकाळभर, तासन्‌तास डोळ्याला काच लावून असतो. कडेचं चित्र फाटलेलं असेल, दोन नळ्या किंचित विसंगत असतील, तर दुपारपर्यंत डोकं दुखतं. करड्या चिखलावर करड्या तुतारी पक्ष्याच्या पिसांतली एखादी रेघ ओळखायला रंग खरे दिसावे लागतात. शिकारी स्कोपमधून वर्षाकाठी काही मिनिटं पाहतो. खरं तर पाहण्याचं काम त्यानंही द्विनेत्रीनंच करायचं असतं. भरलेली बंदूक रोखून झुडपात कोण आहे ते तपासणं हा अपघाताला आवतण देणारा प्रकार आहे. म्हणून अमेरिकी शिकाऱ्याकडे काचेसाठी हजार डॉलर असतील, तर त्यातले सातशे गळ्यातल्या दुर्बिणीवर आणि तीनशे बंदुकीवरच्या स्कोपवर घालणं जास्त शहाणपणाचं. दुकानात नेमकं उलटं होतं.

या खरेदीचा जंगलाशी संबंध जोडणारा एक धागा अमेरिकेनं सोडून दिला आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफल, शॉटगन आणि काडतुसांवरच्या कराचा (आज तो ११ टक्के आहे) पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवला. अलीकडे ही रक्कम वर्षाला अब्ज डॉलरच्या घरात जाते. हरणं, रानटर्की, पाणथळ जागा यांच्या पुनर्वसनात तिचा मोठा वाटा आहे. पण वेगळा विकला जाणारा स्कोप या करातून सुटतो. चारशे डॉलरची साधी रायफल घेणारा मजूर कर भरतो आणि तीन हजारांचा स्कोप घेणारा डॉक्टर त्या स्कोपवर काहीच भरत नाही. १९९० च्या दशकात द्विनेत्री, पाठपिशव्या आणि तंबूंसारख्या मैदानी सामानावर असा कर बसवण्याचा प्रस्ताव ‘टीमिंग विथ वाइल्डलाइफ’ या नावानं पुढे आला होता. उद्योगानं विरोध केला आणि तो बारगळला. तो पुन्हा टेबलावर यायला हवा, आणि या वेळी स्कोपही त्यात हवेत. ११ टक्क्यांनी तीन हजारांवर ३३० डॉलर होतात. बंदुकीच्या पाचपट किंमत दुर्बिणीला देणाऱ्या गिऱ्हाइकाला एवढे परवडणार नाहीत असं दुकानदारही म्हणणार नाही.